बोट्स्वानाचे पदक आणि ठाण्याची सबब

आंतरराष्ट्रीय क्रीडामहोत्सवाच्या संचलनात एखाद्या चिमुकल्या आफ्रिकी राष्ट्राचे मूठभर खेळाडू दिसले, की ठाण्या-डोंबिवलीच्या दिवाणखान्यांतून दोन शेरे हमखास उमटतात: पदक हुकले, तर ‘ही मंडळी नुसती मिरवायला येतात’, आणि मिळाले, तर ‘त्यांचे काय, धावणे त्यांच्या रक्तातच आहे’.

बोट्स्वानाचा इतिहास या दोन्ही शेऱ्यांना पुरून उरतो. १९६६ साली स्वतंत्र झालेले हे राष्ट्र १९८० साली मॉस्कोला प्रथम उतरले, २००८ पर्यंत आठ ऑलिंपिकांतून रिक्तहस्ते परतले, आणि २०१२ साली लंडनला नायजेल अमोसने ८०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळविले तेव्हा कुठे त्याचे खाते उघडले. गुण रक्तातच होता, तर ते रक्त बत्तीस वर्षे काय करीत होते? आणि हौस केवळ मिरवण्याची होती, तर पॅरिसला २०२४ साली लेत्सिले तेबोगोने २०० मीटर १९.४६ सेकंदांत जिंकले, ते कोणत्या मिरवणुकीत? २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ४०० मीटरचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या त्यांच्या अमान्तल मोन्टशोला सरावासाठी स्वदेश सोडून सेनेगलमधील डाकार गाठावे लागले होते. आणि त्याच स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळविणारी कविता राऊत तर नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची! वंशवाद्यांनी तिला कोणत्या रकान्यात बसवावे?

‘त्यांच्यापाशी हिऱ्यांच्या खाणी आहेत’, हा आणखी एक आक्षेप. ओरापाची खाण १९७१ पासून चालू आहे. हिरे पदके देत असते, तर चाळीस वर्षांचा विलंब लागता ना.

उरली लहानपणाची सबब. २०११ च्या जनगणनेत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांची मिळून लोकसंख्या सुमारे ३१ लाख भरली. त्याच वर्षी अवघ्या बोट्स्वानाची सुमारे २० लाख. महापालिका म्हणजे राष्ट्र नव्हे, तिला स्वतःचे पथक धाडता येत नाही, हे कबूल; परंतु धावपटू घडविण्यास सार्वभौमत्वाची सनद लागत नाही, मोकळी जमीन आणि हरणाऱ्यालाही पुन्हा उतरू देणारा शिरस्ता लागतो. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन हा स्तुत्य सोहळा खरा, पण तो एका दिवसाचा. दोन्ही महापालिकांनी आपल्या विकास आराखड्यांत क्रीडांगणासाठी राखलेल्या भूखंडांची यादी प्रसिद्ध करावी, आणि प्रत्येक भूखंडापुढे तेथे आज मूल धावू शकते की नाही, एवढा एकच शेरा नोंदवावा.