थर्माकोलचा रणगाडा आणि काळी ट्रंक

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या चिखलीतल्या स्टेशनरीच्या दुकानांत एक ठरलेली मागणी सुरू होते. "काका, दुसरं महायुद्ध आहे का?" काका मान वर न करता विचारतात, "चार्ट देऊ की तयार प्रकल्प?" चकचकीत कागदावर हिटलर, मुसोलिनी, चर्चिल आणि अणुबाँबचा ढग एकाच ओळीत मिळतात. ते कापायचे, चिकटवायचे, भोवती स्केचपेननं नागमोडी चौकट काढायची आणि स्पायरल बाइंडिंग करून आणायचं. सहा वर्षांचं युद्ध एका संध्याकाळी संपतं.

कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवताना मी एकतीस वर्षं असे प्रकल्प तपासले. आता निवृत्त आहे, तेव्हा कबूल करायला हरकत नाही: त्यातले बरेचसे मी तपासले नाहीत, मोजले. पानं किती, चित्रं किती, अक्षर कसं. एका वर्षी एका मुलानं थर्माकोलचा रणगाडा आणला. तोफ फिरायची, पुढे बॅटरीवरचा दिवा लागायचा. मी वीसपैकी एकोणीस दिले आणि तो कपाटावर मांडून ठेवला. तोंडी परीक्षेत विचारलं, "हा कोणत्या देशाचा रे?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, ते पप्पांना माहीत." तरीही मी गुण कमी केले नाहीत.

त्याच गठ्ठ्यात एका मुलीची चार पानं होती. बाइंडिंग नव्हतं, सुई-दोऱ्यानं शिवलेली. चित्र एकच आणि तेही पेन्सिलीचं: एक लोखंडी ट्रंक. मी अकरा गुण दिले आणि शेरा मारला, "चित्रे कमी." ती चार पानं नीट वाचली ती निकाल लागून गेल्यावर, उन्हाळ्यात, रद्दी काढताना.

मुलगी मेहकर तालुक्यातली. आजोबा फौजेत होते, ती लहान असतानाच वारले. त्यांची काळी ट्रंक घरात होती, तिच्यात गोधड्या ठेवत. झाकणावर पांढऱ्या रंगानं नंबर, नाव आणि खाली इंग्रजी अक्षरांत 'मलकापूर'. तिचा पहिला प्रश्न होता: आमचं गाव मेहकरजवळ, मग पेटीवर मलकापूर का? उत्तर आजीनं दिलं. फौजेच्या कागदांवर गावाबरोबर जवळचं रेल्वे स्टेशन लिहावं लागे. सुट्टीवर आलेला शिपाई मलकापूरला उतरायचा, मग एसटीनं मोताळा, राजूरचा घाट, बुलढाणा, चिखली, मेहकर आणि शेवटी ट्रंक डोक्यावर घेऊन पायी. खामगाव-जालना रेल्वेची मागणी आजोबांच्या जन्माआधीपासूनची आहे, हेही तिनं एका ओळीत टिपलं होतं.

गोधड्यांच्या तळाशी तिला रुमालात बांधलेला एक तारा सापडला. त्यावर अक्षरं होती, 'पूर्वी स्टार'. घरात सगळे सांगत, आजोबा पाकिस्तानच्या लढाईत होते, म्हणून पोरीला वाटे पंजाब किंवा राजस्थान. तिनं ग्रंथालयात पुस्तक शोधलं. 1971 च्या युद्धात पश्चिम आघाडीवरच्यांना 'पश्चिमी स्टार' मिळाला, पूर्वेकडच्यांना 'पूर्वी स्टार'. म्हणजे आजोबा आजच्या बांगलादेशच्या बाजूला होते. घरातल्यांनी पंचवीस-तीस वर्षं सांगितलेली गोष्ट एका सोळा वर्षांच्या मुलीनं पुरावा हातात घेऊन दुरुस्त केली.

मग तिनं आजीला विचारलं, तुला कसं कळलं? आजीचं उत्तर तिनं जसंच्या तसं लिहिलं होतं: "लढाई सरली हे आमाले त्याच रात्री रेडिओवरून समजलं. हे जिते हायेत, हे दोन महिन्यानं पत्र आलं तवा समजलं."

16 डिसेंबर 1971 ला ढाक्यात पाकिस्तानच्या शरणागतीवर सही झाली आणि सुमारे 93 हजार जण युद्धकैदी झाले, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. 'आमाले त्याच रात्री' आणि 'दोन महिन्यानं' यांच्या मधल्या काळात एक बाई कापूस वेचायला जात होती, हे मला त्या अकरा गुणांच्या प्रकल्पानं शिकवलं.

लोक म्हणतील, प्रत्येकाच्या घरी अशी ट्रंक कुठून येणार? कोल्हापूरच्या मुलांना वळिवडे आहे, जिथं 1943 ते 1948 या काळात पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहिले. सोलापूरच्या मुलांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेत, जे 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथंच वारले. बुलढाण्यात असं बोट दाखवायला ठिकाण नाही. पण महायुद्ध आपल्या जिभेवर आहे. आजही गावात म्हणतात, "कंट्रोलचे गहू आले का?" स्वस्त धान्य दुकानाला आपण कंट्रोल का म्हणतो, हे वर्गात विचारून बघा. हा शब्द दुसऱ्या महायुद्धातला आहे. 1942 मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला, तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. फौजेची गरज वाढली, भाव भडकले. धान्य, कापड, साखर, रॉकेल यांच्यावर सरकारी नियंत्रण आलं, 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. त्याच वर्षीच्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसं मेली. युद्ध संपलं, इंग्रज गेले, दुकानाचं नाव राहिलं. गावातल्या पाच म्हाताऱ्यांना कंट्रोलबद्दल विचारा आणि त्यांची उत्तरं शेजारी-शेजारी मांडा. या प्रकल्पाचा खर्च एका वहीचा.

दुसरा विषय कापसाचा. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटलं. त्यात सुमारे 1,400 टन स्फोटकं होती आणि त्यांच्याच कप्प्यात कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी. दुपारी धूर दिसला, चारनंतर दोन स्फोट झाले, गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या. आग विझवताना मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण गेले. म्हणूनच 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन आहे. कापसाची आग वरून विझली तरी गाठीच्या पोटात धुमसत राहते, हे खामगावच्या जिनिंगवर काम करणाऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. त्याला एवढंच विचारायचं: कापूस आणि दारूगोळा एका कप्प्यात का भरला? युद्धात जहाजं कमी पडतात, घाई असते, नियम बाजूला पडतात, इथपर्यंत तो स्वतः पोचेल.

तिसरा विषय नावांचा. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं परदेशी गेली, 74 हजार परतली नाहीत. इराकमधल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, 29 एप्रिल 1916 ला त्यांना शरण जावं लागलं. पुढे बसऱ्याला स्मारक उभं राहिलं, तेव्हा ब्रिटिश मृतांची नावं कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचे पलटणीगणिक फक्त आकडे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं अशा भेदभावाबद्दल 2021 मध्ये जाहीर माफी मागितली. आज आयोगाच्या संकेतस्थळावर शिपायांची नावं शोधता येतात, काही नोंदींत बापाचं नाव आणि गावही असतं. मोबाइल हातात असलेल्या मुलांनी एक मराठी नाव शोधून काढावं आणि कोणाचं नाव दगडावर येतं, कोणाचा आकडा होतो, यावर एक पान लिहावं. एवढं केलं तरी बारावीच्या पुस्तकातला 'जागतिक महायुद्धे आणि भारत' हा पाठ पाठ करावा लागणार नाही.

माझे शिक्षकमित्र यावर हसतात. "सर, तुम्ही निवृत्त झालात. आम्हाला मतदार याद्या, ऑनलाइन माहिती आणि ऐंशी मुलांचा वर्ग." खरं आहे, मीही त्याच कारणानं पानं मोजत होतो. पण चार पानं वाचायला चाळीस पानांपेक्षा कमी वेळ लागतो, हेही खरं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. युद्धाच्या आठवणी उकरल्यानं घरातलं दुःख जागं होईल. आपल्या जिल्ह्यानं 2019 च्या फेब्रुवारीत पुलवामानंतर मलकापूरला आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याला अंत्ययात्रा पाहिल्या आहेत. त्या गर्दीत शाळकरी मुलंही होती. म्हणून नियम हवेत. वीरपत्नीच्या दारात चाळीस मुलांचा घोळका नेऊ नये. आधी घरच्यांना विचारावं. नको म्हटलं तर नमस्कार करून परत फिरावं. उत्तर मोबाइलमध्ये भरण्याआधी वहीत लिहावं आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवावं. कोणी किती मारले, हा प्रश्न विचारू नये. जेवायला काय मिळायचं, पत्र किती दिवसांनी यायचं, परत आल्यावर झोप लागायची का, हे विचारावं. असं शिकलेलं पोर युद्धाच्या नावानं मोबाइलवर फिरणाऱ्या आरोळ्या पुढे ढकलण्याआधी क्षणभर तरी थांबेल.

सर्जनशील प्रकल्प म्हणजे रंग, थर्माकोल आणि एलईडी ही समजूत आम्ही शिक्षकांनीच गुण देऊन रुजवली. ती गुणांनीच मोडता येईल. वीसपैकी पाच गुण मुलानं स्वतः विचारलेल्या प्रश्नाला द्या. पाच पुराव्याला: वस्तू, कागद, मुलाखत, काहीही. पाच तो पुरावा कसा पडताळला याला. उरलेले पाच मांडणीला, त्यात रणगाडा आणणाऱ्यालाही न्याय मिळेल.

पालकांनाही एक विनंती आहे. या वेळी प्रकल्प तुम्ही करू नका. फक्त माळ्यावरची पेटी खाली काढून द्या आणि म्हाताऱ्या माणसाशेजारी तासभर पोराला बसू द्या. 1971 चा डिसेंबर जाणतेपणी पाहिलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्या मुलीच्या आजी गेल्याचं मला मागच्या पावसाळ्यात कळलं. त्यांचं ते उत्तर वाचलं, कारण नातीनं ते लिहून ठेवलं होतं.