घोरणाऱ्याचा साक्षीदार

आमच्या वडील बंधूंचें, म्हणजे दादांचें, घोरणें हा आमच्या माटुंग्याच्या घरांतला वर्षानुवर्षांचा विनोद होता. शेवटची लोकल गेली तरी दादांची गाडी चालूच आहे, असें मुलें म्हणत. कुंभकर्णाचें नांव इतक्या वेळां निघे कीं, स्वतः दादाही हंसत. घोरणारा मनुष्य गाढ झोंपेंत असतो, आणि म्हणून सुखी असतो, हें आम्हीं धरूनच चाललों होतों.

पुढें दादांचें कांहींसें चुकूं लागलें. ज्यांचा अमरकोश लहानपणापासून मुखोद्गत, ज्यांच्याकडे आमच्यासारख्या संस्कृतच्या मास्तरालाही अडल्या शब्दास जावें लागे, ते दादा दोन शब्दांमध्यें थांबूं लागले. वर्तमानपत्र हातांत असतांनाच पेंगत. एकच प्रश्न तासाभरांत तीनदां विचारीत. सत्तरी उलटली, आतां हें असेंच चालायचें, असा निकाल आम्हीं कोणास न विचारतां देऊन टाकला. एके दिवशीं दुपारीं वहिनी सहज म्हणाल्या, “रात्रीं ह्यांचा आवाज मधेंच बंद पडतो. मी मनांत आंकडे मोजते. वीस-पंचवीस झाले कीं हे दचकल्यासारखे होऊन श्वास घेतात.” हें किती दिवस चाललें आहे, असें विचारतां दहा-बारा वर्षें तरी, असें उत्तर आलें.

“मग बोललां कां नाहीं, वहिनी?”

“तुम्ही सगळे हंसत होतां, भावोजी.”

वहिनी जें मोजीत होत्या त्यास वैद्यकांत स्लीप ॲप्निया म्हणतात. झोंपेंत घशाचे स्नायू सैल पडतात. कोणाकोणाचे इतके कीं, श्वासाची वाट पुरती मिटते. छाती ओढ घेत असते, पण हवा आंत जात नाहीं. रक्तांतील प्राणवायु उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, वाट उघडते, आणि पुन्हां तेंच. दहा सेकंद वा अधिक असा अडथळा तासाला तीस वेळां आला तर विकार तीव्र समजतात. ज्याला हें होतें त्याला मात्र सकाळीं यांतलें बहुधा कांहींच आठवत नाहीं. साक्ष द्यावयाची ती दुसऱ्यानें.

हा विरळा रोग नव्हे. आमच्या शेजारच्या माहीमच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. नेहमींच्या तपासणीस आलेल्या ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांपैकीं २५० जणांच्या झोंपेची त्यांनीं परीक्षा घेतली. झोंपेंत श्वास अडखळण्याचें प्रमाण निघालें शेंकडा १९.५, दिवसां पेंग येण्यासह पुरता विकार शेंकडा ७.५. म्हणजे पांच गृहस्थांच्या पंगतींत एक तरी अडखळणारा.

आतां मेंदूचा संबंध. दिवसभराच्या कामानें मेंदूंत टाकाऊ द्रव्यें सांठतात; अल्झायमर या विस्मृतीच्या रोगांत ज्याचे थर सांपडतात तें ॲमिलॉइड त्यांपैकींच. हा केर कोण काढतो? अमेरिकेंतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या मैकेन नेडरगार्ड यांच्या मंडळीनें २०१२ सालीं असें मांडलें कीं, मेंदूभोंवतींचा स्वच्छ द्रव रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनें आंत शिरतो आणि पेशींमधल्या फटींतून केर धुऊन नेतो. झोंपेंत ह्या फटी सुमारें शेंकडा ६० नीं रुंदावतात, असें त्यांनीं २०१३ सालीं उंदरांवर दाखविलें. रस्ते झाडावयाचे ते गर्दी नसतांना, हें मुंबईकरांस सांगणें नलगे. हें काम मुख्यतः गाढ झोंपेंत होतें असें मानतात. आणि दादांची झोंप तेथवर पोंचतेच कोठें? झाडूवाल्याला दर दोन मिनिटांनीं हांक मारून परत बोलवावें, तसें तें. चरकानें रात्रीच्या निद्रेस भूतधात्री म्हटलें आहे. धात्री म्हणजे दाई, आणि मुलाचें अंग पुसणें हें दाईचेंच काम. तथापि चरकास हें सारें ठाऊक होतें, असें म्हणण्याचा मोह आम्हांस होत नाहीं.

कारण आजही हा सिद्धान्त वादांत आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील संशोधकांनीं २०२४ सालीं उंदरांवरच प्रयोग करून झोंपेंत ही सफाई उलट घटते, असें सांगितलें. वादाचा निकाल कसाही लागो. अमेरिकेंत २०११ सालीं प्रसिद्ध झालेली २९८ वृद्ध स्त्रियांची पाहणी डोळ्यांआड करतां येत नाहीं. आरंभीं सर्वांची बुद्धि शाबूत होती. सुमारें पांच वर्षांनीं, श्वास अडणाऱ्यांपैकीं शेंकडा ४४.८ जणींस बुद्धीचा सौम्य ऱ्हास किंवा स्मृतिभ्रंश जडला होता. इतरांत शेंकडा ३१.१.

दादांची परीक्षा झाली. तासाला ३८ वेळां! ऑस्ट्रेलियांतील कॉलिन सलिव्हन यांनीं १९८१ सालीं जगापुढें आणलेली युक्ति त्यांना सांगण्यांत आली: नाकावर मुखवटा, त्यांतून हवेचा मंद दाब, म्हणजे घशाची वाट मिटत नाहीं. पहिल्या रात्रीं त्यांनीं तो भिरकावून दिला. ह्या खेपेस कोणी हंसलें नाहीं. तीन महिन्यांनीं दादा वर्तमानपत्र अखेरपर्यंत वाचूं लागले. अमरकोशाचें पहिलें कांड परत आलें आहे. तिसऱ्यांत अजून अडतात, आणि तें येईलच असें डॉक्टरही म्हणत नाहींत.

एक गोष्ट मात्र आम्हांस बोंचते. फार वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा तोंड उघडें टाकून पेंगत असे. त्याला आम्हीं बाकावर उभें केलें, आणि तें एकदांच नव्हे. टॉन्सिल व नाकामागच्या गांठी वाढल्या म्हणजे मुलांचाही श्वास झोंपेंत असाच अडतो, हें तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हतें. पण हा रात्रीं कसा निजतो, एवढें त्याच्या आईस विचारण्यास कांहीं वैद्यक लागत नव्हतें.

परवां वहिनींस म्हटलें, आतां तरी स्वस्थ झोंप लागत असेल. “कुठली!” त्या म्हणाल्या, “एवढी शांतता झाली कीं जाग येते. मग उठून ह्यांच्या मुखवट्याशीं कान नेऊन बघते.”