उंदराची नवी कातडी आणि आपल्या जळिताच्या जखमा

केनियात काट्यांसारख्या राठ केसांचा एक उंदीर आढळतो. त्याला धरायला गेले की पाठीची कातडी फाटून हातात राहते आणि उंदीर निसटून जातो. पाठीवरची निम्म्याहून अधिक कातडी गेली तरी तो जगतो, आणि काही आठवड्यांत तिथे नवी कातडी येऊन तिच्यावर पुन्हा केस उगवतात. त्याच्या कानाला पाडलेले ४ मिलिमीटरचे भोकसुद्धा कूर्चेसह भरून येते. अ‍ॅशले सायफर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली 'नेचर' या नियतकालिकात हे मांडले.

पाल शेपूट टाकते आणि तिला नवी येते, हे आपण लहानपणापासून पाहतो. पण उंदीर आपल्यासारखाच सस्तन प्राणी आहे, म्हणून या शोधाचे मोल मोठे. त्याआधी अमेरिकेत एलन हेबर-कॅट्झ यांना असाच अनुभव आला होता. प्रयोगशाळेतल्या उंदरांना ओळखू यावे म्हणून त्यांच्या कानाला भोके पाडली होती. काही आठवड्यांनी पाहिले तर ओळखीची खूणच नाहीशी झालेली!

ही शक्ती माणसात अगदीच नाही असेही नाही. आईच्या पोटात साधारण चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भाच्या कातडीवरची जखम व्रणाशिवाय भरते. लहान मुलाच्या बोटाचे अगदी टोक तुटले तर ते पुष्कळदा पुन्हा वाढते. यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेले यकृत वाढून भरपाई करते, म्हणून तर जिवंत माणूस यकृताचा तुकडा देऊ शकतो. मोठ्या माणसाची कातडी मात्र घाईने जखम बुजवते. कोलॅजनचे तंतू दाट रचले जातात, त्यात केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत. जंतू आत शिरू नयेत म्हणून शरीराने केलेली ही तातडीची डागडुजी आहे.

ज्यांच्या घरात जळिताचा रुग्ण आहे त्यांना व्रण म्हणजे काय हे सांगायला नको. मान छातीकडे ओढली जाते, बोटे आखडतात, उन्हाळ्यात अंगाची आग होते कारण त्या भागाला घामच येत नाही. म्हणून २०२१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी डोळ्यांच्या आजारात वापरले जाणारे व्हर्टेपोर्फिन हे औषध देऊन उंदरांच्या जखमा व्रणाशिवाय भरल्याचे दाखवले, तेव्हा आम्हालाही आनंद झाला. पण ते उंदीर होते. उंदरावर जमले म्हणजे माणसावर जमेलच असे नाही.

नेमक्या याच फटीतून बाजार आत शिरतो. 'स्टेम सेल'ने गुडघा, मणका, मूत्रपिंड नवे करून देतो अशा जाहिराती आपल्या वस्त्यांपर्यंत येतात आणि लोक त्यासाठी कर्ज काढतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारे रक्तपेशींचे प्रत्यारोपण सोडले, तर बाकी सारे नोंदणीकृत चाचणीतच करायचे, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. लाखांचे बिल समोर ठेवून कुणी प्रयोग करत असेल, तर तिथून उठून यावे. शिकलेल्या मुलामुलींनी घरच्यांना हे समजावणे आम्ही त्यांचे कामच मानतो.

मग आज हातात काय आहे? भाजल्याबरोबर वीस मिनिटे वाहते साधे पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. आणि त्वचादान. याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. नेत्रदानाचे अर्ज जयंतीच्या मंडपात भरले जातात, त्वचादानाचे क्वचितच. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी, पाय आणि पाठीवरून कातडीचा अगदी पातळ थर काढतात. रक्तगट जुळावा लागत नाही. ही कातडी ग्लिसरॉलमध्ये काही वर्षे टिकते. रुग्णाच्या अंगावर ती कायमची राहत नाही, पण त्याची स्वतःची कातडी लावता येईपर्यंत जंतुसंसर्ग आणि पाणी झिरपणे रोखते, आणि मोठ्या जळितात याच काळात जीव जातो. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, त्वचेचा कर्करोग असलेल्यांची त्वचा घेत नाहीत. घरच्यांनी कळवले की पथक घरी येते, साधारण पाऊण तास लागतो, आणि अंत्यविधी ठरल्या वेळी करता येतो.