शब्द आहेत, वाक्ये कुठे आहेत?

जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन नागपूर विद्यापीठात भरले. महिनाभरातच वर्ध्याला ९६ वे साहित्य संमेलन झाले. दोन्ही मांडवांत हजेरी लावलेला मराठीचा प्राध्यापक मला अजून भेटायचा आहे. (मीही एकाच मांडवात होतो, कोणत्या, हे सांगायला नको.)

परिभाषा क्लिष्ट, म्हणून विज्ञान मराठीत रुजत नाही, असे आपण वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. ही निव्वळ पळवाट आहे. अर्धसंवाहक, स्फटिक, विवर्तन, शोषण हे शब्द कोशांत कधीचे आहेत. त्यांना नांदायला वाक्य मात्र आपण दिले नाही.

उदाहरण कॅडमियम सल्फाइड या अर्धसंवाहकाचे घेऊ. रासायनिक द्रावणातून अशी पातळ पटले घडवण्याचे काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ केले. कॅडमियमचा क्षार, थायोयुरिया आणि अमोनिया यांच्या तापवलेल्या द्रावणात काचेची पट्टी उभी ठेवायची. हळूहळू तिच्यावर पिवळी साय धरते. क्ष-किरणांचे विवर्तन त्या सायीतील स्फटिकांची मांडणी सांगते. ती कोणता प्रकाश गिळते आणि कोणता आरपार सोडते, यावरून इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी मोजता येते. मोठ्या स्फटिकात ती सुमारे २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. कण काही नॅनोमीटरांइतके लहान केले, की दरी रुंदावते आणि पिवळा रंग फिका पडत जातो. द्रव्य तेच, केवळ आकारमान बदलले, म्हणून रंग बदलला! द्रावणात तरंगणाऱ्या अशाच कणांत लुई ब्रुस यांनी १९८३ मध्ये हे दाखवले आणि २०२३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले.

यात बी.ए.च्या विद्यार्थ्याला अडावे असे काय आहे? 'साय' आणि 'दरी' तर घरचेच शब्द. पण आपण काय करू? 'नवकवितेचे क्वांटम सौंदर्यशास्त्र' असा शोधनिबंध लिहू. उपमेपुरते विज्ञान उचलायचे आणि मूळ गोष्ट समजून घ्यायची नाही, ही आपली जुनी खोड आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा विभागात पेढे वाटले गेले. त्याच सुमारास पदार्थविज्ञानाच्या एका संशोधक विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, पाच वर्षे मी काय केले, ते आईला कसे सांगू?" मी तिच्या हाती परिभाषाकोश ठेवला. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

म्हणून मागणी एकच: एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने शेजारच्या विज्ञान विभागातील एका प्रबंधाचा चार पानी मराठी गोषवारा, त्या संशोधकाच्या शेजारी बसून, लिहावा. त्याला गुण द्यावेत. आणि पहिला गोषवारा आपण प्राध्यापकांनी लिहावा.