गाडी घेताना मासिकातला रिव्ह्यू किती मनावर घ्यायचा?

स्टाफरूममध्ये एक प्रश्न हमखास निघतो, "सर, कुठली गाडी घेऊ?" लगेच कोणीतरी मासिक पुढे करतो. 'यात बघा, पाचपैकी साडेचार स्टार आहेत.'

केंद्रप्रमुखांची भेट आधी कळली असेल तर त्या दिवशी आपला वर्ग कसा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. फळा चकचकीत, हुशार मुलं पुढे. रिव्ह्यूसाठी येणारी गाडीही बहुतेक वेळा कंपनीच पाठवते. नवीकोरी, नीट ट्यूनिंग केलेली. लिहिणारा खोटं लिहितो असं माझं म्हणणं नाही. पण त्याने पाहिलेला असतो तो भेटीच्या दिवसाचा वर्ग. शिवाय मासिक जाहिरातींवर चालतं आणि जाहिराती याच कंपन्या देतात.

सहा वर्षांपूर्वी मी अशीच गाडी घेतली. शाळा २२ किलोमीटर, त्यातला शेवटचा ७ किलोमीटर रस्ता नावालाच. रिव्ह्यूत होतं, 'वळणावर गाडी घट्ट धरून राहते.' खरंच राहायची! पण त्यासाठी सस्पेन्शन कडक ठेवलेलं, त्यामुळे खड्ड्यात कंबरडं मोडायचं. मागची सीट उंच आणि निमुळती, साडी नेसून बसताना सौ.ची तारांबळ व्हायची. क्लच केबल तुटली तेव्हा तालुक्याला मिळालीच नाही, आठ दिवस वडापने शाळा गाठली. यातली एकही गोष्ट रिव्ह्यूत खोटी लिहिलेली नव्हती. लिहिलेलीच नव्हती.

मग रिव्ह्यू वाचूच नये का? वाचा, पण त्यात मोजलेलं काय आणि वाटलेलं काय ते वेगळं करा. ताशी ६० वरून ब्रेक दाबल्यावर गाडी किती मीटरवर थांबली, हे आपण घरी मोजू शकत नाही, ते त्यांच्याकडूनच घ्यावं. वजन आणि सीटची उंचीही बघा. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो, स्प्लेंडरचं साधारण ११२. चिखलातून गाडी ढकलायची वेळ आली की हा फरक कळतो. एबीएसचं कौतुक वाचून मात्र भारावू नका, १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचंच आहे. आणि एआरएआयचा मायलेजचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर काढलेला असतो. तिथे ना गतिरोधक, ना मागे बसलेलं कुटुंब.

तीस हजार किलोमीटरनंतर गाडी कशी वागते, हे मासिकवाल्याला क्वचितच कळतं, गावातल्या दूधवाल्याला कळतं.

मला रिव्ह्यू वाचायला आवडतात, पुढेही वाचीन. पण आता गाडी बदलायची झाली तर आधी गॅरेजवाल्याकडे चहाला जाईन आणि त्याच्या भिंतीवर कुठल्या गाडीच्या केबली लटकतात ते बघून येईन.