ऊस आपला, रस्ता कुणाचा?

संक्रांतीच्या आदल्या दिवशी बिडकीनजवळच्या एका खेड्यात, चुलतभावाकडे जाण्याचा योग आला. छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या वाटेला लागले, की गाळपाच्या हंगामात एक दृश्य हमखास दिसते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी ओसंडणारा ऊस, मागे दिवा नाही. फार तर एखादे लाल फडके. ट्रॅक्टरवर गाणी अशी मोठ्याने लावलेली, की मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी ऐकू जाऊ नये. अशा एका जोडीमागे जीव मुठीत धरून मी गावच्या फाट्यापर्यंत पोहोचलो.

फाट्यापासून गाव अडीच किलोमीटर. तीन वर्षांपूर्वी हा रस्ता डांबरी झाला, तेव्हा गावाने नारळ फोडून पेढे वाटले होते. आज त्यावर डांबर शोधावे लागते. दोन खोल चाकोऱ्या आणि मधे उंचवटा. दिवाळीपासून गावात येणारी बस फाट्यावरूनच परत वळते. भावाची मुलगी दहावीला आहे. पहाटेच्या अंधारात ती मैत्रिणींबरोबर फाट्यापर्यंत चालत जाते. मुलींना पास मोफत आहे. पण गावात बसच येत नसेल, तर त्या पासाचे करायचे काय?

रात्री जेवताना मी रस्त्याचा विषय काढला. भाऊ म्हणाला, "दादा, रस्ता आमच्याच उसानं मोडला, हे काय मला कळत नाही? पण दोन एकराला तुरे आलेत. टोळी दोन दिवस मिळालीय. गाडी दाबून भरली नाही, तर उरलेला ऊस फडातच वाळंल."

चुलीपाशी भाकरी थापणारी भावजय मान वर न करता म्हणाली, "आन् पोर अंधारात चालत जाती, ती कुणाची?"

भाऊ गप्प झाला. खरे सांगायचे तर मलाही उत्तर सुचले नाही. परतताना मात्र हा प्रश्न डोक्यातून जाईना.

जादा भाराची बाजू घेणारे नेहमी म्हणतात, की एका खेपेत जास्त माल नेला तर खेपा कमी होतात आणि रस्ताही कमी झिजतो. ऐकायला हे पटते. हिशेबाला टिकत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात खास चाचणीचे रस्ते बांधून त्यांवरून लाखो वेळा मालमोटारी फिरवण्यात आल्या. त्यातून निघालेला ढोबळ नियम आजही जगभरचे अभियंते वापरतात. आसावरचा भार वाढला, की रस्त्याची झीज त्याच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार दुप्पट झाला तर झीज सोळापट, दीडपट झाला तर पाचपट. आता तीन खेपांचा ऊस दीडपट भार करून दोन खेपांत नेला असे धरू. तीन खेपांची झीज तीन, तर या दोन खेपांची दहा! एक खेप वाचवण्यासाठी आपण तिपटीहून अधिक रस्ता खाल्ला. गावचे रस्ते तर मुळातच हलक्या वाहतुकीसाठी बांधलेले असतात.

कायदा नाही असे नाही. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीने जादा भाराला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड ठरला. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही आणि उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्यावर. पैसे भरून जादा भार नेऊ देण्याची काही राज्यांची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने 2005 सालीच बेकायदा ठरवली. बरे, मर्यादा अगदीच तुटपुंजी आहे म्हणावे, तर केंद्राने 2018 साली ती वाढवलीही. चार चाकांच्या एका आसाला पूर्वी 10.2 टनांची मुभा होती, ती 11.5 टन झाली. तरीही ट्रॉल्यांची उंची काही कमी झालेली दिसत नाही.

मग जादा भाराचा लाभ घेतो कोण? 'शेतकऱ्यासाठी' असे म्हणून हा विषय आपण नेहमी मिटवतो. पण वाहतूकदाराला पैसे मिळतात ते टनावर आणि अंतरावर. एका खेपेत जितके टन जास्त, तितकी त्याची कमाई जास्त. शेतकऱ्याच्या बिलातून तोडणी-वाहतूक कापली जाते, आणि गाडीवानाची 'एन्ट्री' त्याला वेगळी मोजावी लागते. त्याच्या पदरात पडते ते एवढेच, की ऊस एकदाचा शेतातून गेला. त्याची खरी अडचण वजनाची नाही, वेळेची आहे. टोळी वेळेवर आली, गाड्या पुरेशा मिळाल्या, तर गाडी दाबून भरा, असे भाऊ कशाला म्हणेल?

उपाय फार दूर नाही, तो कारखान्याच्या दारातच उभा आहे. प्रत्येक गाडी वजनकाट्यावर चढते. भरलेल्या गाडीचे वजन होते, रिकाम्या गाडीचे होते, आणि दोन्ही आकडे लिहून ठेवले जातात. म्हणजे कायदा कोणत्या गाडीने, कोणत्या दिवशी, किती टनांनी मोडला, याची नोंद रोजच्या रोज होत असते! ती चोरून शोधावी लागत नाही. वाहन चालवणाऱ्याबरोबर ते चालवायला लावणाराही कायद्याने दोषी ठरतो. तेव्हा मर्यादेवरच्या टनांचे वाहतूक भाडे कारखान्यांनी देऊच नये, एवढा एक नियम साखर आयुक्तालयाने घालून द्यावा. शेतकऱ्याच्या उसाचे पैसे पूर्ण द्यावेत; कापायचे ते फक्त जादा टनांचे भाडे. जादा भरण्यात कमाई उरली नाही, की ट्रॉली आपोआप खाली येईल.

खेपा वाढतील, खर्च थोडा वाढेल, हे मान्य. तो उघडपणे ठरवून द्यावा. अमेरिकेत महामार्गांवर साधारण 36 टनांची मर्यादा आहे. लुइझियाना राज्यात ऊसवाल्यांना सुमारे 45 टनांपर्यंत नेता येते. पण ते परवाना काढून, आकडा ठरवून. आपल्याकडे सवलत कागदावर नसते, ती डोळेझाकीत असते. आणि डोळेझाकीला वरची मर्यादा नसते.

निघताना भाऊ फाट्यापर्यंत सोडायला आला. चाकोऱ्यांतून दुचाकी सांभाळत म्हणाला, "दादा, उसाचं बिल आलं, की पोरीला सायकल घेतो."

मी मान डोलावली. पण मनात आले, उसाच्या पैशातून सायकल येईल. ती चालवायला रस्ता कशातून आणायचा?