तयार घ्यावा की जुळवावा?

परवा भाच्याचा फोन. "मामा, तयार गेमिंग पीसी घेऊ की असेंबल करू?" पैसे ताईचे, तेही साठवलेले. त्यामुळे उत्तर जरा जपूनच द्यायला हवं होतं.

माझं मत सांगतो. जाहिरातीत जे छापलेलं नसतं ते आधी विचारावं. प्रोसेसर नि ग्राफिक्स कार्डची नावं ठळक असतात. पॉवर सप्लायचं काय? नुसतं "६५० वॅट"! काटकसर बहुतेक वेळा तिथेच झालेली असते. शिवाय काही मोठ्या कंपन्या मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय स्वतःच्याच मापाचे, स्वतःच्याच कनेक्टरचे घालतात. इंटेलने एटीएक्सचं माप १९९५ मध्येच सगळ्यांसाठी ठरवून दिलंय, तरीही. मग वॉरंटी संपल्यावर बोर्ड गेला की अख्खा लॅमिंग्टन रोड पालथा घाला, त्या कॅबिनेटमध्ये बसणारा बोर्ड मिळणं मुश्कील. कार्ड धडधाकट, पीसी माळ्यावर.

असेंबलमध्ये गेलेला भाग तेवढा बदलता येतो. (अर्थात पीसी चालूच झाला नाही तर दोष कुठल्या भागाचा, हे आपणच शोधत बसायचं. ज्याला हा ताप नको त्याने खुशाल तयार घ्यावा.)

स्वस्त काय, हे मात्र वर्षावर अवलंबून. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डं सुटी मिळेनात, तेव्हा तयार पीसीच अनेकदा परवडायचा. २०२५ च्या अखेरीस रॅम भडकली.

तर भाच्याला म्हटलं, तयारच घ्यायचा तर दुकानदाराकडून पॉवर सप्लायचं मॉडेल लिहून आण, मग बोलू. काल परत फोन. दुकानदार म्हणे, "ब्रँडेड आहे हो, काळजी नको."